बरोबरचं बटण नसलेलं मशीन

डोंगराच्या पोटातून पाणी पलीकडे न्यायचं होतं, म्हणून बोगदा दोन्ही बाजूंनी एकदम खणायला घेतला. पश्चिमेच्या तोंडाशी मोजणीची इंजिनीअर होती ठकी आणि पूर्वेच्या तोंडाशी तिचा सख्खा थोरला भाऊ. ठकी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी दादाने ते ठेवलं. कामावर तरी त्या नावाने हाक मारू नकोस असं तिने त्याला बजावून बजावून सांगितलं, पण दादाने टेलिफोनवर ओरडून ओरडून ते सगळ्या कॅम्पला पाठ करून दिलं. आता मुकादमसुद्धा अगदी अदबीने "ठकीबाई" म्हणायचा, आणि अदबीने म्हटल्यामुळे तिला रागावताही यायचं नाही.

बहीण-भावांत प्रेम होतं, पण ते दाखवायची पद्धत भांडणाची होती. त्यात कंपनीने आगीत तेल ओतलं. मोजणीचा हिशेब पटापट व्हावा म्हणून प्रत्येकाला हवा तो प्रोग्रॅम करता येणारा कॅल्क्युलेटर मागवून देतो, असं प्रकल्पाचे साहेब म्हणाले. खिशात मावणारं असलं मशीन तेव्हा नवलाईचं होतं. दादाने एक मागवलं, ठकीने दुसऱ्याच जातीचं मागवलं, आणि भांडायला आयुष्यभर पुरेल असा विषय दोघांना मिळाला.

ठकीचं मशीन दिसायला राजबिंडं होतं. तपकिरी अंग, तिरक्या उतरत्या बटणांच्या रांगा, प्रत्येक बटणावर पांढरी अक्षरं आणि त्यांच्या वरखाली सोनेरी आणि निळी. एकेका बटणाला तीन-तीन कामं. बटण दाबलं की बोटाखाली असा काही स्वच्छ 'टक्' व्हायचा की ती कधीकधी नुसतीच दाबत बसायची. आकडे लालचुटूक उजळायचे. उजव्या कडेला एक फट होती. तिच्यात च्युइंगमच्या वडीएवढं चुंबकीय कार्ड धरलं की आतली इवलीशी मोटर गुरगुरायची, कार्ड एका बाजूने गिळायची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर सोडायची. तेवढ्यात कार्डावरचा सगळा प्रोग्रॅम मशीनच्या डोक्यात शिरलेला असायचा.

फक्त त्या मशीनला 'बरोबर'चं बटण नव्हतं.

त्यामुळे एक फायदा झाला. तिच्या कॅम्पात कुणाचीही पट्टी, पेन्सिल, छत्री एकदा दुसऱ्याच्या हाती गेली की परत येत नसे. तिचा कॅल्क्युलेटर मात्र पाच मिनिटांत परत यायचा. स्टोअरकीपर एकदा मोठ्या हौसेने घेऊन गेला आणि गेल्या पावली परत आला.

"बाई, दोन आणि तीन मिळवायचे तर?"

"दोन दाबा. मग हे लांबट बटण. मग तीन. मग अधिक."

"आणि उत्तर?"

"आलं की. ते काय, पाच."

"बरोबर न दाबताच?" स्टोअरकीपरने मशीनकडे असं पाहिलं की जणू त्याने परवानगी न घेता उत्तर दिलं होतं. "मग ते दोन कुठे गेले होते मधल्या वेळात?"

"वर सरकले होते. ताटांची चळत असते ना, तसं. नवं ताट खाली ठेवलं की जुनं वर. अधिक म्हटलं की खालची दोन एकत्र."

"आमच्याकडे ताटं वरून ठेवतात," असं म्हणून त्याने मशीन हळूच टेबलावर ठेवलं आणि तो आपल्या कागद-पेन्सिलीकडे परतला.

दादाच्या मशीनला बरोबरचं बटण होतं, कंस होते, आणि पाठीला एक छोटासा दरवाजा होता. त्यात नखाएवढा काळा तुकडा बसवला की तयार प्रोग्रॅमची अख्खी फौज हजर. शिवाय ते एका छपाईयंत्रावर बसायचं आणि प्रत्येक आकडा लांबलचक कागदी पट्टीवर छापून द्यायचं. या पट्ट्या दादाच्या प्रत्येक खिशात असत. वहिनी कपडे धुवायला काढायची तेव्हा खिशांतून मीटरच्या मीटर गणित निघायचं.

"गणित करायचं आणि शेवटी बरोबर म्हणायचं नाही!" दादा फोनवर म्हणायचा. "वाक्य लिहून पूर्णविराम न देण्यासारखं आहे हे, ठके."

"तुला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला कुणीतरी बरोबर म्हणावं लागतं," ठकी म्हणायची. "मला नाही लागत."

असं हसतखेळत चाललं होतं. दोन्ही बाजूंचे बोगदे डोंगरात खोल गेले, आणि मग एके दिवशी हसू आटलं.

दोघांनी आपापल्या बाजूने हिशेब करून बोगद्याच्या दोन्ही बाजू जिथे भेटायच्या ती जागा साहेबांना कळवायची, असा नेम होता. दोन्ही उत्तरं आजवर जुळत आली होती. यावेळी जुळली नाहीत. फरक होता चार बोटांचा. पाण्याला चार बोटांनी काही बिघडत नाही हे खरं, पण साहेबांना पाण्याची नव्हे, पुढची चिंता होती. आज चार बोटं असलेली चूक दिशेत असेल तर पुढच्या प्रत्येक मोजणीत वाढत जाते आणि भेटीपर्यंत हातभर होते.

"दोघांपैकी एकाचं चुकलंय," साहेब म्हणाले. "कुणाचं ते तुम्हीच ठरवा आणि सांगा. तोवर दोन्हीकडचं खोदकाम थांबवा."

खोदकाम थांबलं म्हणजे शंभर माणसं हातावर हात ठेवून बसली. मुकादम ठकीला तोंडावर काही बोलला नाही, पण ती दिसली की तो मुद्दाम बंद ड्रिलयंत्राला फडक्याने पुसायला लागायचा. ते तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तिने पुन्हा हिशेब केला. तेच उत्तर. दादाने पुन्हा केला. त्याचंही तेच. फोनवर जे व्हायचं ते झालं.

"त्या बिनबरोबरच्या डबड्यात काहीतरी गडबड आहे," दादा म्हणाला.

"तुझ्या त्या तयार तुकड्यात काय भरलंय ते तुला तरी ठाऊक आहे का? दुसऱ्याने केलेलं गणित गिळतोस!"

"निदान माझ्याकडे छापील पुरावा आहे!"

"चूक छापली म्हणजे खरी होत नाही, दादा!"

फोन कुणी आधी आपटला यावरही नंतर दोघांचं एकमत नव्हतं. पण दादाच्या घरात तो फोन स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेला होता आणि वहिनी तिथेच गाजरं चिरत उभी होती. वहिनी शाळेत मुलांना पोहायला शिकवायची. बुडणाऱ्यांशी वाद घालायचा नसतो, त्यांना धरून काठावर आणायचं असतं, हे तिला चांगलं माहीत होतं. तिने ओल्या हातानेच पुन्हा नंबर फिरवला.

"रविवारी सकाळी इकडे ये," ती ठकीला म्हणाली. "मशीन घेऊन ये, कागद घेऊन ये, आणि जमलं तर डोकं थंड करून ये. दोघांना एका टेबलावर बसवते. उत्तर निघेपर्यंत कुणी उठायचं नाही."

रविवारी ठकी डोंगराला वळसा घालून भावाकडे पोचली. जेवणाचं टेबल वहिनीने रिकामं करून ठेवलं होतं. एका टोकाला दादाचं मशीन छपाईयंत्रावर ऐटीत बसलं होतं, शेजारी कागदाचं नवं रीळ. ठकीने कातडी पिशवीतून आपलं काढलं आणि समोरच्या टोकाला ठेवलं. दोन पहिलवान आखाड्यात आणून सोडावेत तसं ते दिसत होतं.

"आधी तुझं चालवून दाखव," दादा म्हणाला.

ठकीने मशीन सुरू केलं आणि पहिलं कार्ड फटीत धरलं. मोटर गुरगुरली. कार्ड हललं नाही. तिने ते जरा आत ढकललं. मोटर नुसतीच फिरत राहिली आणि कार्ड बाहेर आलं तेव्हा त्याच्या कडेला काळा चिकट डाग होता.

दादा पुढे वाकला. त्याच्या डोळ्यांत चमक आली. "रोलर गेला. आतलं रबर विरघळलंय. उघडू का?"

"हात लावायचा नाही!"

"अगं, चार स्क्रू तर आहेत."

"माझ्या बाहुलीला पण तू चारच स्क्रू आहेत म्हणाला होतास."

वहिनीने खाकरून दोघांच्या मध्ये चहा ठेवला. मशीन न उघडता काय करता येईल, असं तिने विचारलं. ठकी म्हणाली, प्रोग्रॅम हाताने भरता येईल. एकेका पायरीचं एकेक बटण दाबत जायचं. तिच्याकडे पायऱ्यांचा कागद होता. प्रत्येक बटणाला एक सांकेतिक आकडा असतो : कितवी रांग आणि रांगेत कितवं बटण. तिसऱ्या रांगेतलं चौथं म्हणजे चौतीस. कुणीतरी वाचायचं आणि कुणीतरी दाबायचं.

"वाच," वहिनीने कागद दादाच्या हातात दिला.

दादाने चष्मा लावला. "एकतीस. पंचवीस. तेहतीस." ठकीची बोटं टकटक चालू लागली. "थांब, बावीस की बत्तीस? किती घाणेरडं अक्षर आहे गं तुझं."

"बत्तीस."

"बत्तीस म्हणजे?"

"ज्या. कोनाची साइन."

"अच्छा." दादाने पुढचे दोन-तीन आकडे वाचले आणि थांबला. "म्हणजे इथे तू कोन वर सरकवून ठेवलास, अंतर खाली घेतलंस, आणि कंस न घालताच गुणलंस?"

"हो."

"कंसच लागला नाही?"

"कधीच लागत नाही."

दादाने कागद जरा जवळ ओढला. आता तो नुसतं वाचत नव्हता. प्रत्येक आकड्याबरोबर चळतीतली ताटं कुठे सरकली ते मनात पाहत होता. मध्येच "वा!" असं त्याच्या तोंडून निसटलं आणि तो खोकला आल्याचं दाखवत राहिला. ठकीने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. कितीतरी वर्षांनी ते दोघं असे एका कामावर डोकं घालून बसले होते, आणि दोघांनाही ते आवडत होतं हे कबूल करायची दोघांचीही तयारी नव्हती.

पहिल्या कार्डाच्या पायऱ्या संपल्या. मशीनमध्ये जागाही संपली.

"पुढे?" दादाने विचारलं.

"पुढचं दुसऱ्या कार्डावर. माझ्या बाजूला बोगद्याला वळण आहे ना, हिशेब लांब होतो. एका कार्डात मावत नाही."

"मग पहिल्या कार्डाचं उत्तर दुसऱ्याला कसं देतेस?"

"कागदावर उतरवून घेते आणि मशीन बंद करते. दुसऱ्या कार्डाच्या वेळी पुन्हा भरते."

"बंद कशाला करतेस?"

"बॅटरी वाचवायला. बोगद्याच्या तोंडाशी चार्ज कुठे करणार? हे लाल आकडे वीज खातात रे. म्हणून मी दशांशाचीही दोनच घरं लावून ठेवते. जितके आकडे कमी उजळतील तितकी बॅटरी जास्त टि—"

ती मध्येच थांबली. हात बटणावर तसाच राहिला.

  एरवी अशा वेळी दादा टुणकन उडाला असता. पण बहिणीचा चेहरा पाहून त्याने चष्मा काढला आणि तो शर्टाच्या टोकाने उगीचच पुसत बसला.

"आत दहा आकडे असतात," ठकी हळूच म्हणाली. "मशीन आत सगळे सांभाळतं. खिडकीत मात्र मी सांगितले तेवढेच दाखवतं. आणि मी..."

"दिसले तेवढे उतरवलेस."

"आधी पूर्ण उजळून पाहायचे. मग गेल्या महिन्यात बॅटरी दगा द्यायला लागली, तेव्हापासून दोन घरं." तिने कपाळाला हात लावला. "कोन, दादा! कोनाचे दशांश कापले मी. आणि त्या कोनावर पुढची सगळी लांबी. चार बोटं काय, नशीब म्हणायचं चारच."

वहिनीने सुपासाठी भाजी चिरता चिरता सुरी बाजूला ठेवली. "म्हणजे चूक सापडली?"

"सापडली," ठकी म्हणाली. "माझी."

 मग ठकीने मशीन बंद केलं, पालथं केलं आणि टेबलावरून दादाच्या दिशेने सरकवलं.

"उघड," ती म्हणाली. "नीट उघड."

दादा असा उठला की खुर्ची मागे पडली. आतल्या खोलीतून तो पेचकसांचा डबा घेऊन आला. त्याने बॅटरीचा गठ्ठा काढला, पाठीला चिकटवलेले रबरी पाय नखाने अलगद सोडवले आणि त्यांच्याखालचे स्क्रू एका बशीत क्रमाने मांडले. झाकण निघालं आणि तिघंही वाकून पाहायला लागली. आत सोनेरी रेषांचं जाळं होतं, इवल्या काळ्या चौकोनांच्या रांगा होत्या, आणि कडेला बोटाच्या पेराएवढी मोटर, तिला दातेरी चाकं. त्यांच्या शेवटी जिथे रबराचा रोलर असायला हवा होता तिथे पाघळलेल्या गुळासारखा काळा लगदा होता.

"काय देखणं काम केलंय," दादा पुटपुटला. आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने वर पाहिलं नाही.

लगदा त्याने कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून लावून पुसला. उरली नुसती धातूची दांडी. त्यावर बसेल असं बारीक रबर कुठून आणायचं, याचा विचार करत तो डोकं खाजवू लागला. ठकीने जेवणघरभर नजर फिरवली. दाराबाहेर वहिनीची सायकल उभी होती.

"वहिनी, पंक्चरच्या सामानात व्हॉल्व्हची नळी आहे का गं?"

"आहे. पण मला शाळेत जायला सायकल लागते हं!"

"एवढीशी. नखाएवढी."

नळी आली. ठकीने ब्लेडने तिचा तुकडा कापला, दादाने चिमट्यात धरून तो दांडीवर चढवला. पहिला तुकडा जाड निघाला, कार्ड अडकलं. दुसरा तिरका बसला. तिसरा दोघांनी मिळून, श्वास रोखून चढवला. झाकण लागलं, बॅटरी बसली. ठकीने कार्ड फटीत धरलं. मोटर गुरगुरली आणि कार्ड सुळकन आत जाऊन पलीकडून बाहेर आलं.

दादाने टाळी वाजवली. मोठ्या इंजिनीअरला न शोभणारी, दोन्ही हातांची टाळी.

मग ठकीने हिशेब पुन्हा केला. यावेळी पहिल्या कार्डाचं उत्तर तिने कागदावर उतरवलंच नाही; मशीनच्या स्मरणात एका कप्प्यात ठेवलं आणि बंद न करता दुसरं कार्ड गिळायला दिलं. नवं कार्ड आलं तरी कप्प्यातला आकडा जागच्या जागी राहतो, अख्खा, दहाच्या दहा अंकांनिशी. उत्तर उजळलं. दादाने आपली कागदी पट्टी शेजारी धरली. केसाएवढाच काय तो फरक.

"जुळलं," तो म्हणाला.

आता साहेबांना फोन करायचा होता. ठकीने रिसीव्हर उचलला, पण नंबर फिरवायला बोट जाईना. दादा मागे येऊन उभा राहिला.

"रोलर बिघडला होता असं सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "खोटं थोडंच आहे? खरंच बिघडला होता. कुणी विचारत नाही पुढचं."

ठकीने त्याच्याकडे पाहिलं. या मशीनला नावं ठेवायची एकही संधी न सोडणारा माणूस आज तिच्यासाठी ते बदनाम करायला निघाला होता, आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"नको," ती म्हणाली. "त्याने बिचाऱ्याने दहा आकडे सांभाळले. दोनच पाहिले ते मी. उद्या दुसरं कुणी हेच करेल."

तिने नंबर फिरवला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं.  मग साहेब म्हणाले, "बोगद्यातल्या चुका सहसा शेवटच्या भिंतीवर दिसतात. तुमची टेलिफोनवर दिसली. त्यापेक्षा स्वस्त जागा नाही. दिशा सुधारा आणि उद्या सकाळी काम सुरू करा. आणि एक जादा बॅटरी मागवून घ्या, बाई. बॅटरी वाचवून डोंगर वाया घालवू नका."

तिने फोन ठेवला. वहिनीने तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्यासमोर सूप ठेवलं. जेवताना दादाने विचारलं, "ते चळतीचं पुन्हा एकदा सांग बरं," आणि मग संध्याकाळपर्यंत दोन्ही मशीनं उलटसुलट हातांत फिरत राहिली. ठकीला कंस उघडून बंद करायचा विसर पडायचा, दादा दर गणिताला नसलेलं बरोबर शोधत बोट हवेत फिरवायचा. वहिनी दोघांना हसत होती.

पुढे कामाने वेग घेतला. ठकीच्या बाजूने बोगद्याची दिशा हळूहळू वळवून जागेवर आणली. मुकादमाने यंत्रं पुसायचं सोडून दिलं. आता त्याला खायलाही फुरसत नव्हती. आणि एके सकाळी ठकीच्या बाजूचं ड्रिल खडकात घुसता घुसता एकदम रिकामं पुढे गेलं. मुकादमाने हात वर केला. यंत्र थांबलं. दांडा मागे काढला तेव्हा त्या भोकातून आधी धूळ आली, मग पिवळा उजेड, आणि मग दादाचा आवाज.

"ठके! दिसतेस का?"

"नुसता डोळा दिसतोय तुझा! लाल झालाय!"

"धूळ गेलीय!" तो म्हणाला, पण त्याचा आवाज भिजलेला होता, आणि मजुरांच्या आरोळ्यांत पुढचं काही ऐकू आलं नाही ते बरंच झालं.

मधली भिंत फोडून माणूस जाईल एवढं दार झालं. दगड बाजूला केले, छताला टेकू दिले, मुकादमाने सगळं ठोकून पाहिलं आणि मान डोलावली. मग दोन्ही बाजूंच्या मध्यरेषांवर ओळंबे सोडले. साहेब स्वतः हातात पट्टी घेऊन वाकले. दोन दोऱ्यांमध्ये अंतर होतं, पण इतकं थोडं की पेन्सिलही आडवी मावली नसती.

"हे एवढंसं आहे ना, ते तुझ्या बाजूचं," दादा म्हणाला.

"माझ्या? माझी रेष बघ, डोंगराला विचारून काढलीय. तूच सरकलायस."

"छापील पुरावा आहे माझ्याकडे!"

साहेब पट्टी खिशात घालून हसायला लागले. मजूर गोल करून मजा पाहत होते. भिंतीपलीकडे आधी कुणी जायचं यावरही दोघांचं जुंपलं. थोरला म्हणून मी आधी, असं दादाचं म्हणणं होतं. भोक माझ्या ड्रिलने पडलं, असं ठकीचं. एवढ्यात दादाच्या मागून गुडघाभर गमबूट आणि भलंमोठं हेल्मेट घातलेली वहिनी पुढे आली. तिने नवऱ्याला एका हाताने बाजूला केलं, "सरका हो जरा" म्हणत दगडांवर पाय ठेवला आणि वाकून सरळ पलीकडे निघून गेली. डोंगराच्या आरपार जाणारं ते पहिलं माणूस.

मजुरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वहिनीने कपड्यांवरची धूळ झटकली, ठकीचा हात धरला आणि मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "या आता. किती वेळ उभे राहताय? इकडे वारं छान सुटलंय."